यमुताईंचा जबाब

“म्हणते, केळी तुझी तूच खाय.”

प्रमोदिनीचा हात पिशवीतच राहिला. सहा महिन्यांनी आईला भेटायला आलेली लेक, अर्धा डझन केळी आणि बिस्किटाचा पुडा घेऊन खाटेच्या काठावर अवघडून बसली होती. खाटेवर यमुताई उशीला टेकून होत्या. उजवं अंग लुळं, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे असे लख्ख की समोरच्याने जरा बेतानेच बसावं. त्या पुन्हा काहीतरी बोलल्या. ऐकणाऱ्याला नुसता घशातला आवाज वाटला असता.

“अजून काय म्हणते?” प्रमोदिनीने वहिनीला विचारलं.

“म्हणते, मेली का जिवंत आहे ते पाहाले आली असशील. पाहून झालं असन तं जाय, तुह्या बसचा टाइम होईन.”

मयुरा हे सगळं भिंतीला टेकून, लसूण सोलता सोलता सांगत होती. आवाजात चढ नाही, उतार नाही.

“आई असं नाही बोलणार,” प्रमोदिनी उसळली. “तूच मनानं बनवून सांगून राहिली. आईच्या नावावर आपला राग काढतं तू. कोणाले समजते ती काय बोलते ते?”

“ताई, मले तुमाले बोलाचं असतं तं मी माह्या तोंडानं बोलली असती. त्याच्यासाठी आईचं तोंड काहून वापरू?”

यमुताई डाव्या गालाने हसल्या. त्यांना लेकीची फजिती आणि सुनेचं उत्तर दोन्ही आवडलं होतं. प्रमोदिनी मात्र चहा न घेता गेली आणि जाता जाता शेजारच्या शोभाताईंच्या दारात उभं राहून तेच सांगून गेली, की वहिनी आईच्या तोंडात शब्द घालते. मयुराच्या कानावर ते पडलं. बाकी काहीही ऐकून घेणारी बाई होती ती, पण हे एक वाक्य तिला आरपार लागलं.

कारण गेल्या अकरा वर्षांत तिने दुसरं काही कमावलं नसेल, एवढं एक कमावलं होतं. लकवा मारला तेव्हा यमुताईंची वाचा गेली असं डॉक्टरांनी सांगितलं. वाचा गेली नव्हती. ओठ जुळत नव्हते, म्हणून प, ब, म ही अक्षरं गेली होती, जीभ उचलत नव्हती म्हणून आणखी काही गेली होती. जे उरलं होतं त्यातून म्हातारी रोज भडाभडा बोलायची आणि कुणाला कळलं नाही की डाव्या हाताने वाटी फेकायची. मयुराने पहिलं वर्ष वाट्या उचलण्यात घालवलं. मग हळूहळू तिला शब्द दिसायला लागले. आधी पाणी, दुखते, पंखा बंद कर. मग टोमणे, आठवणी, माहेरच्या भावकीची उणीदुणी, सगळंच. दोन वर्षांत म्हातारीने सांगावं आणि मयुराने मोठ्याने बोलावं असा रिवाज पडून गेला. डॉक्टर, भाजीवाली, वीजबिलवाला, सगळ्यांशी यमुताई मयुराच्या तोंडाने बोलायच्या. मयुराला शिवी दिली तर मयुरा तीही सांगायची. “म्हणते, सुनेनं भाजीत मीठच नाही टाकलं, आळशी आहे.” ऐकणारा हसायचा, मयुरा नाही. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, हा तिचा नियम होता. तो तिला कुणी घालून दिला नव्हता.

हे ज्याने करायचं तो मधुसूदन, यमुताईंचा मुलगा, खापरखेड्याच्या वीज केंद्रात पक्क्या नोकरीवर होता. आईला लकवा मारला तेव्हा तो रोज येऊन-जाऊन करायचा. मग शिफ्टचं निमित्त झालं, मग क्वार्टर मिळालं, आणि मग त्या क्वार्टरमध्ये दुसरी बाई आहे असं कुणीतरी सांगितलं. मयुरा एकदा जाऊन दारावरची दोरी पाहून आली. दोरीवर लहान मुलाचे कपडे होते. ती दार न वाजवता परतली. त्याला आता नऊ वर्षं झाली. काडीमोड नाही, कागद नाही, भांडणसुद्धा नाही. आधी दर शनिवारी, मग सणावारी, मग नाहीच, असा तो विरत गेला. वस्तीत कुणी विचारलं की मयुरा सांगायची, “ते ड्युटीमुळं तिकडेच राहतात.” लाज त्याने सोडली होती, पण सांभाळत ती होती.

वस्ती कळमना मार्केटच्या मागे. मार्केटच्या गोदामात मिरचीचे देठ तोडायला बायका लागतात, मयुरा त्यातली एक. सकाळी म्हातारीचं सगळं उरकून जायचं, दुपारी एकदा पळत येऊन तिला कूस बदलून द्यायची, पुन्हा जायचं. संध्याकाळी हात पेटलेले असायचे. कितीही तेल चोळा, साबण लावा, बोटं डोळ्याजवळ न्यायची सोय नाही. म्हणून ती यमुताईंना हाताने कधी भरवत नसे, चमच्याने भरवी, आणि तोंड पुसायचं फडकंही वेगळं ठेवी. या कामाला गोदामातल्या पावतीवर ‘निवड मजुरी’ म्हणतात. घरच्या कामाला काही म्हणत नाहीत.

सगळं असंच चाललं असतं. पण यंदा मयुराची लेक उन्नती बारावी झाली. मार्क चांगले होते आणि तिने नर्सिंगचा अर्ज भरला. नंबर लागला. फीमध्ये सवलत मिळणार होती, तर कागद तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, “वडील काय करतात?” उन्नती सरळ पोरगी, तिने सरळ सांगितलं. पक्की नोकरी म्हटल्यावर सवलत गेली. वडील घरी राहत नाहीत, पैसा देत नाहीत, हे सांगून उपयोग नव्हता, कारण रेशन कार्डावर ते होते. सरकारने बाईला घराची प्रमुख केलं ते बरंच केलं, फक्त कोणत्या बाईला हे घरावर सोडलं. कार्डावर सगळ्यात वर थोरली बाई म्हणून यमुताईंचं नाव, त्याखाली मुलगा, मग सून, मग नात. कागदावर भरलं घर होतं.

“तुमच्या आईला नवऱ्यानं सोडलं आहे, असा दाखला आणा,” त्या बाई उन्नतीला म्हणाल्या. “मग फक्त आईचं उत्पन्न धरू. तारीख संपायच्या आत आणा.”

अर्जावर त्याला परित्यक्ता म्हणतात, वस्तीत टाकलेली. नऊ वर्षं मयुराने दोन्ही शब्द अंगाला लागू दिले नव्हते. त्या आठवड्यात तिने स्वतःच्या हाताने तो अर्ज भरला, तीन ठिकाणी तो शब्द लिहिला आणि तहसीलच्या खिडकीत दिला. खिडकीतून सांगितलं, तलाठी घरी येतील, कुटुंबप्रमुखाचा जबाब घेतील. कुटुंबप्रमुख यमुनाबाई.

त्या संध्याकाळी तिने यमुताईंना चमच्याने वरण-भात भरवला आणि समोर बसली.

“आई, एक मागतो तुमाले. आजपर्यंत काही मागितलं का?”

यमुताईंनी मान हलवली. नाही.

“तलाठी मॅडम येणार आहेत. तुमाले विचारतील, मुलगा घरी राहते का. तुमी खरं ते सांगा. बस. त्याच्याबद्दल वाईट नका बोलू. तो येत नाही, एवढंच सांगा. उन्नतीचं कॉलेज त्याच्यावर आहे.”

म्हातारीने नजर पंख्याकडे वळवली. आईला मुलाविरुद्ध बोलायला सांगणं किती जड आहे हे मयुराला कळत होतं. तीही आईच होती. शेवटी यमुताई बोलल्या, आणि त्यांच्या त्या मोडक्या बोलीत जे आलं ते असं होतं. “खोटं काहून सांगू? नऊ वर्षं तूच केलं माह्यं. पोटच्यानं नाही केलं. खरं ते सांगीन.”

मग त्यांनी चांगला हात उचलून मयुराच्या डोक्यावर ठेवला. त्या हाताला जोर नव्हता, पण वजन होतं. अकरा वर्षांत म्हातारीने तिला पहिल्यांदा असा हात लावला. मयुराच्या डोळ्यांत पाणी आलं. हात मिरचीचे होते म्हणून ते पुसता आलं नाही, तसंच वाहू दिलं.

तलाठी शनिवारी सकाळी अकराला आल्या. वैदेही मॅडम वयाने तिशीच्या आतल्याच असतील. स्कूटी दाराशी लावून, हेल्मेट काढून, आधी फोनवर कुणालातरी “त्याला खिचडी भरवा, मी एकपर्यंत येते” असं सांगून त्या आत आल्या. स्टुलावर बसल्या, मांडीवर कागद घेतले. साक्षीदार म्हणून शोभाताईंना बोलावलं होतं. त्या पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन दाराला लागून उभ्या राहिल्या. उन्नती आतल्या दारात होती.

मयुराने सकाळीच यमुताईंना आंघोळ घातली होती, धुतलेलं लुगडं नेसवलं होतं, केस विंचरून बारीक अंबाडा घातला होता. लग्नघरातल्या वरमाईसारखी म्हातारी टवटवीत दिसत होती.

“यमुनाबाई, तुमचा मुलगा मधुसूदन. तो या घरात राहतो का?” मॅडमनी विचारलं.

यमुताईंनी मयुराकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहिलं आणि सावकाश, एकेक तुकडा पाडत बोलल्या. इतकं सावकाश त्या एरवी बोलत नसत. जणू पाठ करून ठेवलं होतं.

मॅडमनी पेन उचललं. “काय म्हणाल्या?”

मयुरा यमुताईंच्या तोंडाकडेच पाहत होती.

“मला तर काहीच कळलं नाही,” मॅडम हसून म्हणाल्या. “तुम्हालाच कळतं म्हणे त्यांचं. तुम्ही सांगाल तेच मी लिहिणार.”

मयुराला पहिल्यांदा वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, नाही. या बाईचं आपण चुकीचं ऐकत नाही, झोपेतसुद्धा नाही. यमुताई म्हणाल्या होत्या, “राहते. ड्युटी असली की तिकडे झोपते. दर शनिवारी घरी येते. परवाच येऊन गेला.”

खोलीत सगळ्यांचं तिच्याकडे लक्ष होतं. ‘नाही राहत म्हणते’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. कुणाला कळलं नसतं. म्हातारी ओरडली असती, तर ‘तिले राग आला मुलाचा’ असं सांगता आलं असतं. दाखला मिळाला असता, पोरगी कॉलेजला गेली असती, आणि हे पाप आहे असं म्हणायची हिंमत देवानेसुद्धा केली नसती. मयुराला हे सगळं एका क्षणात दिसलं. आणि त्याच्या आड प्रमोदिनीचा आवाज आला, कोणाले समजते ती काय बोलते ते. आजवर कुणीही, कितीही म्हटलं असतं तरी ते खोटं होतं. आज ते खरं झालं असतं. आणि त्याहून खोलवर राग होता. असा राग, की या बाईने जे केलं ते निदान सरकारी कागदावर तरी जसंच्या तसं उतरू दे.

“लिहा,” ती म्हणाली. “म्हणते, राहते. ड्युटी असली की तिकडे झोपते. दर शनिवारी घरी येते.” मग थांबून, “परवाच येऊन गेला, म्हणते.”

आतल्या दारात उन्नतीने “आई!” म्हटलं. मॅडमचं पेन अधांतरी राहिलं.

“परवा?” मॅडमनी शोभाताईंकडे पाहिलं. “आला होता?”

शोभाताईंनी पदर आणखी ओढला. “आला होता बाप्पा. मयुरा कळमन्याले होती. दुपारी आला, अर्धा घंटा बसला. पेढ्याचा डबा होता हातात. मले म्हणे, मयुराले सांगू नका, उगीच वाद होते.” मग मयुराकडे न पाहता, “मी काहून तुमच्या घरात पडू वं?”

“आणि दर शनिवारी येतो का?”

“ते मले नाही मालूम. मयुराच सांगे, ड्युटीवर आहे म्हणून.”

तेही खरंच होतं. नऊ वर्षं मयुराने वस्तीला जे सांगितलं, तेच आज वस्ती तिला परत सांगत होती.

मॅडमना काहीतरी कळलं असावं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “मयुराताई, पुन्हा एकदा विचारा त्यांना. वय झालं, आजारपण आहे, गोंधळ होत असेल.”

दार दुसऱ्यांदा उघडं मिळालं होतं. मयुरा खाटेजवळ जाऊन वाकली. “आई, माह्याकडे पाहा. तो या घरात राहते का?”

यमुताईंनी यावेळी तिच्याकडे पाहिलं. डोळे चुकवले नाहीत. एकच शब्द बोलल्या.

“राहते म्हणते,” मयुराने सांगितलं.

मॅडमनी लिहिलं आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. “...माझा मुलगा नोकरीनिमित्त खापरखेडा येथे असतो व दर आठवड्यास घरी येतो. मुलाचे व सुनेचे संबंध सलोख्याचे आहेत.”

“हे शेवटलं ती नाही म्हटली,” मयुरा म्हणाली.

“अहो, तसं लिहायची पद्धत असते.”

“असन. पण ती म्हटली नाही. ते काढा.”

मॅडमनी ते वाक्य खोडलं, बाजूला छोटी सही केली. शाईचं पॅड काढलं तर यमुताईंनी डावा अंगठा आपणहून पुढे केला. पॅड मयुरानेच धरलं. धरायला दुसरं कोण होतं? जाताना मॅडम दाराशी हळूच म्हणाल्या, “हा जबाब असताना मला दाखला देता येत नाही. कोर्टातून काही कागद आणता आला तर पाहा.” कोर्टाच्या कागदाला किती दिवस लागतात हे दोघींनाही माहीत होतं, म्हणून पुढे कुणी काही विचारलं नाही.

स्कूटीचा आवाज गेला तशी उन्नती आईसमोर येऊन उभी राहिली.

“तू काहून तसंच्या तसं सांगितलं? त्या मॅडमले घंटा समजून राहिलं होतं!”

“ती म्हटली ते सांगितलं.”

“तिचं सगळं सांगतं तू. अकरा वर्षं सांगून राहिली. मग एकदा माह्यासाठी काहून नाही बोलली?”

 पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. सासूने आपल्याला फसवलं, आणि आपण आपला खरेपणा सांभाळता सांभाळता पोरीला खड्ड्यात घातलं, हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि तरीही पुन्हा विचारलं असतं तरी जीभ दुसरं काही बोलली नसती. माणूस असा कसा होऊन बसतो, कोण जाणे. उन्नती चप्पल घालून बाहेर निघून गेली.

मयुराने दार लोटलं आणि खाटेपाशी आली. पेढ्याचा डबा गादीखाली पायथ्याशी सापडला. दोन पेढे खाल्लेले होते. गिळताना त्रास होतो म्हणून ती म्हातारीला पोळीसुद्धा दुधात कुस्करून देत होती, आणि याने अख्खे पेढे दिले होते. ठसका लागून गेली असती तर?

“काहून केलं आई?”

यमुताई भिंतीकडे पाहत बोलल्या. “तहसीलीतल्या कोणी सांगितलं त्याले. नोकरी जाईन म्हणे. दोन घरं आहेत हे कागदावर आलं की साहेब काढून टाकतात म्हणे. लहान लेकरू आहे त्याले.”

“उन्नती कोणाचं लेकरू आहे?”

 मग म्हातारी जे बोलली ते मात्र मुलाने शिकवलेलं नव्हतं, ते तिचं स्वतःचं होतं.

“तुले दाखला भेटला की तू मोकळी. पोरीले घेऊन जाशील निघून. मग मले कोण पाहीन? प्रमोदिनी? तुले काय कमी आहे इथं? छप्पर आहे, दोन वेळचं खाले भेटते.”

ते दोन वेळचं मयुराच्याच मिरचीतून येत होतं. पण ते बोलून दाखवायचीसुद्धा तिला इच्छा झाली नाही. डोक्यावर ठेवलेला तो हात तिला आठवला. तो आशीर्वाद नव्हता, आणि त्यात खोटंही नव्हतं. म्हातारीला तेव्हा खरंच तसं वाटलं असेल. मुलगा अर्धा तास येऊन बसला आणि ते वाटणं संपलं. अकरा वर्षांचं वजन अर्ध्या तासाहून कमी भरलं. मयुराला इतकं उघडं-उघडं एकटं कधीच वाटलं नव्हतं, खापरखेड्याच्या त्या दारावरची दोरी पाहिली तेव्हासुद्धा नाही. तेव्हा घरी येऊन हे सांगायला निदान यमुताई होत्या.

प्रवेशाची तारीख गेली. उन्नतीने कुणाला न विचारता सदर भागातल्या एका ब्युरोत नाव घातलं. घरी येऊन म्हातारी माणसं सांभाळायला बायका पुरवतात ते. “बारा तास,” ती आईला म्हणाली. “एका आजीले उठवाचं, बसवाचं, जेवण भरवाचं. तिथल्या बाईनं विचारलं, अनुभव आहे का? मी म्हटलं, माह्या आईले आहे अकरा वर्षांचा. ती हसली. म्हणे, घरचा नाही धरत आम्ही.” पोरगी हसून सांगत होती, पण आईजवळ बसली नाही. डबा घेऊन निघून गेली.

घरात काही बदललं नाही. सकाळी स्पंजिंग, पावडर, कूस बदलणं, दुपारी पळत येणं, चमच्याने भरवणं. मयुराने कशातही हयगय केली नाही. शोभाताई तर म्हणाल्या, “दुसरी असती तं पाणी नसतं पाजलं.” मयुराने पाणी पाजलं, वेळच्या वेळी, कोमट करून.

जबाबानंतरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी फोन वाजला. नंबर मधुसूदनचा होता. नऊ वर्षांत त्या नंबरवरून तिच्या फोनवर बोटावर मोजण्याइतके फोन आले असतील.

“आईले दे,” मधुसूदन म्हणाला. मग आवाज खाली आणून, “ते तलाठ्याचं काय झालं? आई काय बोलली त्यायच्यापाशी?”

“तिलेच विचारा.”

मयुराने फोन स्पीकरवर टाकून यमुताईंच्या उशाशी धरला. मुलाचं “आई?” ऐकून म्हातारीचा चेहरा उजळून निघाला. ती घाईघाईने, शब्दावर शब्द चढवत बोलायला लागली. सांगितलं रे. तू म्हटलं तसंच सांगितलं, एक शब्द नाही चुकली. अंगठा पण दिला. आता कधी येतं? या शनिवारी येशील का? पेढे नको आणू, तू ये. मयुराला शब्दन् शब्द कळत होता, स्वल्पविरामासकट.

“काय म्हणते वं ती?” फोनमधून आवाज आला.

यमुताई थांबल्या. सवयीने त्यांनी मयुराकडे पाहिलं आणि सांग अशी मान हलवली.

“मालूम नाही बा,” मयुरा म्हणाली. “मले नाही समजत.”

“नाही समजत म्हणजे? तूच तं सांगत असतं सगळ्यायले!”

“नाही समजत.”

यमुताईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, अधिक मोठ्याने, मग आणखी मोठ्याने, डाव्या हाताने मयुराचा पदर धरून. मधुसूदन तिकडून “हॅलो, आई, हॅलो” करत राहिला. मयुराने पदर सोडवून घेतला, फोन उशीवर म्हातारीच्या कानापाशी नीट टेकवून ठेवला आणि मोरीत जाऊन स्पंजिंगचं पाणी काढायला लागली. ती बादली घेऊन परतली तेव्हा फोन केव्हाच बंद पडला होता. यमुताई अजून त्याच्याशी बोलत होत्या. मयुराने फडकं पिळलं आणि त्यांची पाठ पुसायला घेतली.